केअर प्लॅन खाटेपाशी सुरू होतो

पत्र

आदरणीय मॅडम,
मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून बी.एस्सी. नर्सिंग शिकायला बेळगावात आले आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर बारावी सायन्स. आता तिसरं सेमिस्टर चालू आहे, मेडिकल आणि सर्जिकल वॉर्डची पोस्टिंग आहे. माझे केअर प्लॅन, म्हणजे एकेका पेशंटच्या शुश्रूषेचे लेखी आराखडे, ट्यूटर सारखे परत करतात, ‘कॉपी केलेलं आहे’ असा शेरा मारतात. मी सीनियरचं रेकॉर्ड बघून लिहिते हे खरं आहे, पण सगळ्याच मुली तसं करतात. वॉर्डात स्टाफ आम्हाला फक्त बीपी घ्यायला आणि बेड करायला लावतात, त्यामुळे लॉगबुक (केलेल्या कामांवर सह्या घ्यायची वही) रिकामं आहे. इंजेक्शनच्या मात्रेचं गणित समोर आलं की हात थरथरतात. सौंदत्ती, बैलहोंगलकडच्या पेशंटांशी कानडीत बोलताना अडखळते. त्यात गणपतीला घरी गेले आणि पाच दिवसांची ड्युटी बुडाली. आणि शेवटचं, इथे शिकून पुढे चंदगड किंवा कोल्हापूरला नोकरी करता येईल का?
— प्र., ता. खानापूर

उत्तर

प्रिय प्र.,

अडचणी बऱ्याच लिहिल्या आहेस, पण त्यातल्या मोठ्या अडचणींचं मूळ एकच दिसतं. तुझं लिखाण वॉर्डात पाऊल टाकण्याआधीच ठरलेलं असतं. सीनियरच्या वहीत न्यूमोनियाचा केअर प्लॅन आहे, म्हणून तू न्यूमोनियाचा पेशंट शोधतेस आणि त्याच्यावर ती वही बसवतेस. ट्यूटरला हे पहिल्या पानावरच कळतं, कारण तुझ्या पेशंटचं वय ७० आहे आणि आरोग्यशिक्षणात मात्र ‘शाळेत परत केव्हा जायचं’ हे लिहिलेलं असतं. तेव्हा आधी केअर प्लॅनचं बघू.

पोस्टिंगच्या दिवशी पेशंट मिळाला की केस शीट उघडण्याआधी दहा मिनिटं त्याच्या खाटेपाशी थांब. तो कसा बसला आहे, किती उशा घेतल्या आहेत, एक वाक्य दम न लागता पूर्ण होतं का, पाण्याचा तांब्या हाताला लागतो का, शेजारी कोण आहे, सकाळचा नाश्ता तसाच पडला आहे का, हे आधी बघायचं. मग बोलायचं. विचारायचा क्रम हवा असेल तर व्हर्जिनिया हेंडरसनच्या १४ गरजा धर, त्या तू पहिल्या वर्षी शिकलीच आहेस: श्वास, खाणं-पिणं, मलमूत्र, हालचाल, झोप, कपडे, अंगाचं तापमान, स्वच्छता, सुरक्षितता आणि पुढच्या. प्रत्येक गरजेला एकेक साधा प्रश्न. केस शीट त्यानंतर उघडायची, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेलं निदान तुझ्या डोळ्यांवर आधीच बसत नाही.

समज, तुझा पेशंट निपाणीकडची ५८ वर्षांची बाई आहे. अर्धं आयुष्य तंबाखूच्या धुळीत विड्या वळण्यात आणि उरलेलं चुलीच्या धुरात गेलेलं. केस शीटवर सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट, दम लावणारा आजार) वाढल्याचं लिहिलं आहे. तू मोजलेलं असं: श्वसन मिनिटाला २८, नाडी १०४, साध्या हवेवर ऑक्सिजन सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ८६ टक्के, कफ पिवळसर आणि घट्ट, खोकला येतो पण कफ सुटत नाही. आणि बोलण्यातून कळलेलं: ती दिवसभरात जेमतेम दीड पेला पाणी पिते, कारण पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं आणि संडासापर्यंत चालताना दम लागतो. ही शेवटची गोष्ट कुठल्याही सीनियरच्या वहीत नाही. कफ घट्ट का, याचं अर्धं उत्तर तिच्यात आहे आणि नर्सला हात घालता येईल अशी जागाही तीच आहे.

आता नर्सिंग डायग्नोसिस. ‘सीओपीडी’ हे डॉक्टरांचं निदान झालं, ते तुझ्या रकान्यात येत नाही. तुझ्या वाक्याला तीन भाग लागतात: अडचण, कारण आणि पुरावा. ‘इनइफेक्टिव्ह एअरवे क्लिअरन्स (श्वासमार्ग नीट मोकळा न होणं), रिलेटेड टू घट्ट कफ व कमी पाणी, ऍज एव्हिडन्स्ड बाय श्वसन २८, सॅच्युरेशन ८६ टक्के, कफ न सुटणारा खोकला.’ पुराव्याच्या जागी आकडे नसतील तर ते वाक्य पुस्तकातलं आहे असंच समजलं जाईल, आणि ते बरोबरच आहे. दुसरं डायग्नोसिस चालण्याच्या दमाबद्दल, तिसरं झोपेबद्दल किंवा कमी जेवणाबद्दल. क्रम लावताना श्वास आधी. ‘नॉलेज डेफिसिट’ (माहितीची कमतरता) सगळ्यात खाली. मुली ते पहिलं लिहितात कारण ते सोपं असतं.

ध्येय लिहिताना पेशंट काय करेल, किती आणि केव्हापर्यंत, या तिन्ही गोष्टी हव्यात. ‘श्वास सुधारेल’ हे ध्येय मोजता येत नाही. ‘४८ तासांत पेशंट स्वतः खोकून कफ बाहेर काढेल, श्वसन २४ च्या खाली येईल, सॅच्युरेशन ८८ ते ९२ टक्क्यांत राहील’ हे मोजता येतं. इथे ८८ ते ९२ का आणि ९८ का नाही, हे तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. सीओपीडीच्या ज्या पेशंटांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत आलेला असतो, त्यांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर तो आणखी साचतो. म्हणून ऑर्डरप्रमाणे २४ किंवा २८ टक्क्यांचा व्हेंच्युरी मास्क (ऑक्सिजन ठरलेल्या प्रमाणातच देणारा) लावायचा आणि पेशंट पेंगुळला, डोकं दुखतं म्हणाला, बोलणं विस्कळित झालं, की लगेच इन्चार्ज सिस्टरना सांगायचं. नातेवाईक ‘जास्त सोडा की’ म्हणून नॉब फिरवतात, तेव्हा त्यांनाही हे दोन वाक्यांत समजावून सांगणं तुझंच काम आहे. ते केअर प्लॅनमध्ये लिही.

कामांच्या रकान्यात ‘मॉनिटर व्हायटल साइन्स’ हे पहिलं वाक्य लिहायची सवय सोड. निरीक्षण लागतंच, पण दर किती तासांनी आणि कशासाठी, ते लिहिलं तरच त्याला अर्थ. या बाईसाठी लिहिण्यासारखं खूप आहे: पाठ उंच करून, पुढच्या टेबलावर उशी ठेवून तिला पुढे झुकवून बसवणं, त्यामुळे छातीचे स्नायू मोकळे होतात, ऑर्डरप्रमाणे नेब्युलायझेशन (औषध वाफेसारखं श्वासातून देणं) आणि त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी खोकण्याचा सराव, कारण तोवर श्वासनळ्या सैल झालेल्या असतात, मोठ्या एका खोकल्याऐवजी तोंड उघडं ठेवून ‘हाऽ’ असा दोन-तीनदा फुंकल्यासारखा श्वास, त्यात दम कमी लागतो, डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलेलं नाही हे तपासून, जागेपणी दर दीड-दोन तासांनी पेलाभर कोमट पाणी, खाटेशेजारी कमोड किंवा बेडपॅन, म्हणजे पाणी प्यायची भीती जाते, एका वेळी भरपूर जेवणाऐवजी थोडं थोडं पाच-सहा वेळा, कारण पोट भरलं की छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा वर ढकलला जातो. प्रत्येक कामापुढे कारण लिहायचं आणि ते तुझ्या शब्दांत. इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल, पण दिलेलं कारण खोटं असलं तर चालत नाही.

आणि मूल्यमापन. सगळ्या ओळींपुढे ‘गोल मेट’ (ध्येय साध्य) लिहिलेली वही बघितली की ट्यूटर पुढची पानं उलटतच नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी सॅच्युरेशन ८९ असेल, श्वसन २६ असेल, कफ दोनदा पडला असेल, तर ‘अंशतः साध्य’ लिही आणि पुढे काय बदलणार तेही लिही. साध्य न झालेलं ध्येय हे तुझं अपयश नाही. पेशंट रोज पाहिल्याचा तो पुरावा आहे.

आता बीपी आणि बेडची तक्रार. ही तक्रार दरवर्षीच्या मुलींची असते, आणि त्यात थोडं तथ्यही आहे: काही वॉर्डांत विद्यार्थिनींना कामाला हात म्हणून वापरतात. ते चालू असेल तर क्लिनिकल इन्स्ट्रक्टरला स्पष्ट सांगायला हवं, तो तुझा हक्क आहे. पण बीपी आणि बेड ही खालची कामं आहेत असं मात्र मानू नकोस. बेड बदलताना पेशंटला कुशीवर वळवलं की माकडहाड, टाचा, खांद्याची हाडं दिसतात. तिथली लाली बोटाने दाबून बघ. दाबल्यावर पांढरी होत नसेल तर ती बेडसोअरची पहिली पायरी आहे. वॉर्डात ही गोष्ट बहुधा सगळ्यात आधी विद्यार्थिनीलाच दिसते, कारण चादर तिनेच काढलेली असते. काळ्या-सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तेव्हा ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा दुखरी लागते का ते हाताने बघायचं.

बीपीचंही तसंच. पेशंट पाच मिनिटं शांत बसलेला, पाठ टेकलेली, हात हृदयाच्या पातळीला. बीपीच्या कफची, म्हणजे दंडाला बांधायच्या पट्ट्याची, हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या ८० टक्के तरी फिरायला हवी. जाड दंडाला लहान कफ लावला की आकडा खोटा वाढतो. आधी नाडीवर बोट ठेवून हवा भरायची, नाडी गेली त्याच्या वर २० ते ३० पर्यंत न्यायची आणि मग सेकंदाला २ ते ३ मिलिमीटरने सोडायची. आपल्याकडे बायकांच्या घट्ट ब्लाउजची बाही वर सरकवून तिच्या खालीच कफ बांधतात. ती वळलेली बाही दंड आवळते आणि मग मोजलेल्या आकड्याचा भरवसा राहत नाही. आडोसा लावून बाही काढायला सांगायची, किंवा पातळ कापडावरूनच कफ बांधायचा. आणि श्वसन पूर्ण एक मिनिट मोजायचं, मनगट नाडीसारखं हातात धरून, पेशंटला न सांगता. वॉर्डातल्या वीसच्या वीस पेशंटांचं श्वसन टीपीआर (ताप-नाडी-श्वसन) चार्टवर २० लिहिलेलं असतं, तेव्हा कुणीही मोजलेलं नसतं हे सगळ्यांना माहीत असतं. पेशंट बिघडायला लागला की बहुतेक वेळा पहिला बदलतो तो हाच आकडा.

लॉगबुक भरायचं असेल तर सकाळच्या हॅण्डओव्हरला (ड्युटी बदलताना पेशंटांची माहिती देतात तेव्हा) उभी राहा, मागे भिंतीला टेकून नको, इन्चार्ज सिस्टरच्या शेजारी. कुणाचं ड्रेसिंग आहे, कुणाला ऑपरेशनला न्यायचं, कुणाची नळी बदलायची, हे तिथेच कळतं. त्यातली एक गोष्ट निवडून इन्स्ट्रक्टरला नेमकं विचार: ‘खाट ९ ला दहा वाजता ड्रेसिंग आहे, ट्रॉली मी लावू का?’ ‘मॅडम, काहीतरी शिकवा’ याला उत्तर मिळत नाही. ट्रॉली लावून तयार असलेल्या मुलीला सहसा कुणी हाकलत नाही. पहिल्यांदा बघ, दुसऱ्यांदा मदतीला राहा, तिसऱ्यांदा इन्स्ट्रक्टर शेजारी असताना स्वतः कर, आणि सही त्यानंतर घे. न केलेल्या कामावर सही घेऊ नकोस, मैत्रिणीने आग्रह केला तरी. प्रात्यक्षिक परीक्षेत ओएससीई (एकेका टेबलावर एकेक कौशल्य तपासणारी परीक्षा) असते आणि त्याखेरीज प्रत्यक्ष पेशंटवर काम करून दाखवावं लागतं. तिथे सही कामाला येत नाही. लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हीत वेगवेगळे ५० टक्के लागतात, एकाचे गुण दुसऱ्याला उसने मिळत नाहीत.

कॅथेटरचंच उदाहरण घे, कारण त्यात चुका ठरलेल्या आहेत. बाईला फोलीज कॅथेटर (मूत्राशयात ठेवायची, टोकाला फुगा असलेली लघवीची नळी) घालताना तो योनिमार्गात गेला तर काढायचा नाही. खूण म्हणून तसाच ठेवायचा, नवा निर्जंतुक कॅथेटर घेऊन वरच्या बाजूला जागा शोधायची आणि तो बसल्यावर पहिला काढायचा. लघवी येण्याआधी फुगा फुगवायचा नाही, आणि लघवी दिसल्यावरही आणखी ३ ते ५ सेंटिमीटर आत सरकवून मगच फुगवायचा, नाहीतर तो मूत्रमार्गात फुगतो आणि रक्त येतं. फुग्यात निर्जंतुक पाणी भरायचं, सलाईन नाही. सलाईनमधल्या मिठाचे खडे जमून पुढे फुगा रिकामा होत नाही. किती मिलिलिटर, ते कॅथेटरच्या तोंडावर छापलेलं असतं. सगळं नीट झाल्यावर शेवटची चूक स्ट्रेचरवर होते: एक्स-रेला नेताना पिशवी पेशंटच्या पोटावर ठेवतात आणि लघवी उलटी मूत्राशयात जाते. पिशवी कायम कमरेखाली, पण जमिनीला टेकलेली नको.

आता तुझी भीती: मात्रेचं गणित. हात थरथरणं वाईट नाही, थोडी भीती इथे हवीच. पण गणित सातवीच्या त्रैराशिकाचं आहे. हवी असलेली मात्रा भागिले हातातल्या औषधाची ताकद, गुणिले ती ताकद जितक्या मिलिलिटरमध्ये आहे ते. जेंटामायसिन ८० मिलिग्रॅम २ मिलिलिटरमध्ये आहे आणि ऑर्डर ६० ची आहे: ६० भागिले ८०, गुणिले २, म्हणजे १.५ मिलिलिटर. करण्याआधी अंदाज बांध: ६० हे ८० पेक्षा कमी, म्हणजे उत्तर २ पेक्षा कमीच यायला हवं. उत्तर तीन आलं तर कुठेतरी उलटं झालं आहे. अंदाज आधी आणि आकडेमोड नंतर, एवढी एक सवय लागली तर निम्म्या चुका टळतात.

सलाईनचा वेग: एकूण मिलिलिटर गुणिले सेटचे थेंब, भागिले मिनिटं. ५०० मिलिलिटर ४ तासांत द्यायचं, सेटवर २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर असं छापलं आहे. ५०० गुणिले २०, भागिले २४०, म्हणजे ४१.६, मिनिटाला ४२ थेंब. हाच ड्रिप ६० थेंबांच्या मायक्रो सेटवर चालवला तर १२५ थेंब मोजावे लागतील, डोळ्यांनी ते होत नाही. मायक्रो सेट लहान मुलांसाठी आणि हळू द्यायच्या औषधांसाठी. थेंब लावून निघून जायचं नाही. पेशंटने हात वाकवला, खाट वर केली, लघवीला जाऊन आला, की वेग बदलतो. पंधरा मिनिटांनी एकदा आणि नंतर तासातासाला बघायचं; बाटलीला टेप लावून त्यावर तासांच्या खुणा केल्या तर एका नजरेत कळतं.

खरा धोका गणितापेक्षा लेबलात जास्त आहे. इन्सुलिन आपल्याकडे दोन ताकदींत मिळतं, मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट. त्याच्या सिरिंजही दोन: लाल टोपीची ४० ची, नारिंगी टोपीची १०० ची. १०० ताकदीचं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात २५ युनिट जातात, अडीच पट. पेशंट तासाभरात घामाघूम होऊन बेशुद्ध पडू शकतो. उलट केलं तर १० ऐवजी ४ युनिट जातात आणि साखर उतरत नाही म्हणून मात्रा वाढवली जाते. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा मोठ्याने वाचून, दुसऱ्या सिस्टरला दाखवून मगच द्यायचं. हेपॅरिनचंही (रक्त गोठू न देणारं औषध) तसंच: ५ मिलिलिटरच्या एका व्हायलमध्ये एकूण ५,००० युनिट असतात, तशाच दिसणाऱ्या दुसरीत २५,०००. ऑर्डर ५,००० ची असेल तर पहिलीतून ५ मिलिलिटर, दुसरीतून १. पोटॅशियम क्लोराइडच्या ऍम्प्यूलला तर विद्यार्थिनीने एकटीने हातच लावायचा नाही. ते सरळ शिरेत ढकललं तर हृदय थांबतं, ते नेहमी सलाईनमध्ये मिसळून आणि हळूच जातं. सेफ्ट्रायाक्सोन रिंगर लॅक्टेटच्या लाइनमध्ये सोडू नकोस, त्यातल्या कॅल्शियमबरोबर त्याचे कण तयार होतात. लिहिताना अर्ध्याच्या आधी शून्य हवं, ‘०.५’, आणि पूर्ण आकड्यानंतर नको; ‘५.०’ घाईत ५० वाचला जातो.

तिसऱ्या सेमिस्टरला इंजेक्शन नेहमी कुणीतरी शेजारी उभं असताना द्यायचं. ‘दे गं, काही होत नाही’ असं कुणी म्हणालं तरी. नाही म्हणताना कारण सांग: ‘इन्स्ट्रक्टर मॅडम आल्या की देते.’ एवढं पुरतं.

पेशंट ओळखण्याबद्दल एक गोष्ट, जी आपल्या भागात फार लागू पडते. एकाच वॉर्डात दोन लक्ष्मी पाटील असणं नवलाचं नाही. ‘तुम्ही लक्ष्मी पाटील ना?’ असं विचारलं की कमी ऐकू येणारी आजी कशालाही मान डोलावते. नाव तिलाच सांगायला लाव, आणि आयपी नंबर (दवाखान्यात दाखल झाल्याचा क्रमांक) मनगटाच्या पट्टीवरून किंवा केस शीटवरून जुळव. खाटेचा नंबर ही ओळख नाही, खाटा रात्रीत बदलतात.

याच्याशीच तुझी कानडीची अडचण जोडलेली आहे. शाळेत कानडी दुसरी भाषा म्हणून शिकली असशील, पण पुस्तकी कानडी आणि बैलहोंगलच्या शेतकऱ्याची कानडी यांत अंतर आहे. उत्तर कर्नाटकात शेवटी ‘री’ लावून बोलतात आणि तोच आदर. सुरुवातीला एवढं पुरेल: ‘निम्म हेसरेन्री?’ नाव काय. ‘एल्लि ब्यानि ऐत्री?’ कुठे दुखतं. ‘याव्वाग शुरु आत्री?’ केव्हापासून. ‘ऊटा आतेन्री?’ जेवण झालं का. ‘गुळिगी तगोंड्रेन्री?’ गोळी घेतली का. ‘उसिरु जोरागि तगोळ्री’, श्वास जोरात घ्या. हे वहीत न ठेवता वॉर्डातल्या आयांबरोबर रोज म्हणून बघ, त्या हौसेने चुका दुरुस्त करतात. उर्दू बोलणाऱ्या पेशंटांशी तुझं मोडकं हिंदी चालेल. मात्र संमतीपत्रावर सही घेताना, किंवा पाळी, गर्भपात, दारू, मारहाण असं काही विचारताना शेजारच्या खाटेच्या नातेवाइकाला दुभाषी करू नकोस, पेशंटच्या मुलालाही नाही. ती भाषा नीट येणाऱ्या स्टाफ सिस्टरना बोलावून आण.

पत्रात तू विचारलं नाहीस, पण हेपॅटायटिस बीची लस पूर्ण झाली आहे का? ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस असतात आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी रक्तातली अँटिबॉडी १० च्या वर आली की नाही ते तपासतात. झाली नसेल तर या आठवड्यात कॉलेजच्या ऑफिसात विचार. सुई वापरून झाल्यावर टोपी परत लावायची नाही. ती थेट पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. सलाईन सेट, कॅथेटर, हातमोजे लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या, काचेच्या व्हायल निळ्या डब्यात. टोचलंच तर बोट पिळू नकोस, चोखू तर मुळीच नकोस. साबण-पाण्याने धुवून त्याच क्षणी इन्चार्ज सिस्टरना सांग. एचआयव्हीपासून बचावाची औषधं दोन तासांच्या आत सुरू होणं उत्तम आणि ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही. कोर्स २८ दिवसांचा असतो. ओरडा बसेल म्हणून मुली संध्याकाळपर्यंत सांगत नाहीत, आणि तेवढ्यात सगळ्यात मोलाचे तास जातात.

बुडालेल्या पाच दिवसांबद्दल. परीक्षेला बसायला थिअरीला आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, पण पदवी हातात पडण्याआधी क्लिनिकल मात्र १०० टक्के पूर्ण करावं लागतं. म्हणजे ते दिवस माफ होत नाहीत, फक्त पुढे ढकलले जातात. तिसऱ्या सेमिस्टरला ऍडल्ट हेल्थ नर्सिंगचं क्लिनिकल ६ क्रेडिटचं, म्हणजे ४८० तासांचं आहे, आणि पुढच्या सेमिस्टरला तितकाच भार नवा येतो. आठव्या सेमिस्टरच्या इंटर्नशिपमध्ये भरून काढू असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस, तिथे स्वतःची ड्युटीच पूर्ण आठवड्याची असते. क्लास टीचरना लेखी अर्ज दे, ज्या वॉर्डचे दिवस बुडाले तोच वॉर्ड माग, आणि सुट्टीत भरून काढलेल्या प्रत्येक दिवसाची सही त्याच दिवशी घे.

चंदगड-कोल्हापूरच्या नोकरीचं उत्तर होय असं आहे. तुझं कॉलेज इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या आणि कर्नाटकच्या कौन्सिलच्या मान्यतेचं आहे ना, एवढं आत्ताच तपासून ठेव. पदवीनंतर पहिली नोंदणी कर्नाटक राज्य नर्सिंग कौन्सिलकडे होईल. महाराष्ट्रात काम करायचं तर तिथून ना-हरकत घेऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. ती झाल्याशिवाय तिथे ड्युटी धरायची नाही. यात अडतं ते बहुतेक वेळा कागदांवर: दहावीच्या दाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवरचं नाव यांत फरक असतो. मराठी शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मधे आणि आडनाव शेवटी असतं, तर इकडच्या नोंदीत कित्येकदा आडनावाचं फक्त आद्याक्षर पुढे लागतं. आज तिन्ही कागद शेजारी ठेवून बघ. फरक असेल तर पुढचा परीक्षा अर्ज भरण्याआधी कॉलेजच्या ऑफिसातून दुरुस्तीचा अर्ज कर, कारण शेवटच्या वर्षाच्या गुणपत्रिका छापून झाल्यावर तेच काम कितीतरी लांबतं.